चपलांपाशी बसलेला श्रोता

नाना, मी गंगा गाळून दाखवली होती. काशीत, भर मंगळागौरी मोहल्ल्यात, पुरोहितांच्या बैठकीत, तांब्यातून पाणी ओतून.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. तुम्हाला काही लिहावं म्हणून बसलो तर पहिल्यांदा हेच सुचलं. दुसऱ्या कुणी तुमच्या पाठशाळेपासून सुरुवात केली असती, तुमच्या कीर्तनांपासून, सात पिढ्या काशीत काढलेल्या तुमच्या घराण्यापासून. ते सगळं शोकसभेत बोलून झालं. एका वक्त्याने तर तुम्ही जन्मात न केलेली बद्रीनाथाची यात्राही तुमच्याकडून करवून घेतली. मला मात्र तो तांब्याच आठवत राहतो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांचा, पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत नुकता लागलेला. स्टीलचे दोन डबे एकावर एक, वरच्यात पांढऱ्या मातीची कँडल, खालच्याला तोटी. लखनौला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं आणि तिथे आम्हाला एकच मंत्र मिळाला होता: गिऱ्हाइकाला त्याच्याच घरच्या पाण्यातली घाण दाखवा, पुढचं आपोआप होतं. लखनौत होत असेल. मी बनारसला आलो आणि जास्त परिणाम व्हावा म्हणून, नळाचं पाणी सोडून, पंचगंगा घाटावरून गंगेचं पाणी भरून आणलं. भाद्रपद महिना. नदी चहाच्या रंगाची. मी मनात म्हटलं, नशीब जोरावर आहे.

गणेशोत्सवाच्या बैठकीनंतर मी दहा मिनिटं मागून घेतली होती. पाणी ओतलं, ते थेंब थेंब गळेपर्यंत कंपनीने पाठ करून घेतलेले आकडे म्हणून दाखवले, मग वरचा डबा उघडून कँडल काढली आणि तिच्यावरचा चिखल बोटाने निपटून सगळ्यांपुढे धरला. "हे आपण रोज पितो," मी म्हणालो. हसऱ्या चेहऱ्याने. चेहरा हसरा ठेवायचा, हेही ट्रेनिंगमध्येच होतं.

पुरोहितांपैकी गणपतशास्त्र्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे आमची आई मळकी, आणि तू तिला न्हाऊ घालायला आलास."

"तसं नाही, शास्त्रीबुवा..."

"कुठला तू?"

"वडील रेल्वेत आहेत. आम्ही भुसावळकडचे."

"मग बरोबर. रेल्वेवाल्यांना पाणी इंजिनात घालायचं तेवढं ठाऊक."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात मी निसटायला बघत होतो. कँडल मोरीत धुवावी म्हणून आत वळलो, तर स्वयंपाकघरातून कुणा बाईंचा आवाज आला, "मोरीत नको हो. गंगा आहे ती." चिखल झाला म्हणून काय झालं, गंगेचाच. तो मोरीत कसा जाईल? तेव्हा एका हातात कँडल, दुसऱ्या हातात डबा, गळ्यात कंपनीचा टाय, अशा वेशात मी पंचगंगेच्या त्या उभ्या पायऱ्या उतरायला लागलो, गंगेचा चिखल गंगेला परत करायला. वाटेत एक नावाडी म्हणाला, "का गुरु, कौनो नया पूजा हौ का?"

बैठकीतून उठून तुम्ही माझ्यामागून उतरत होतात. मला कळलंही नव्हतं. मी खाली बसून कँडल खळबळत होतो, तेव्हा वरच्या पायरीवरून तुमचा आवाज आला, कीर्तनात कमावलेला, न ओरडता लांब जाणारा.

"मला एक आणून दे तसला."

मला वाटलं, हे शास्त्रीबुवांच्या पुढचे निघाले. ते तोंडावर तरी बोलले. मी म्हटलं, "नाना, थट्टा करताय."

"थट्टा नाही. नवा आण मात्र. हा आता तीर्थात बुडालाय, हा कुणी विकत घेणार नाही." मग माझ्या शेजारी बसलात, धोतर वर खोचून, पाय पाण्यात सोडून. "तू पाणी दाखवलंस रे. पाणी रोज बघतात ते. ते पिणारं माणूस कुठे होतं तुझ्या बोलण्यात?"

त्या दिवशी बनारसमध्ये माझा एक फिल्टर खपला. पुढे तीन वर्षं मी चारचौघांत सांगत हिंडलो, की अख्ख्या मराठी आळीत मी एकच गिऱ्हाईक बाटवलं आणि ते निघाले कीर्तनकार. तुम्ही ऐकून हसायचात. तुम्ही तो का घेतला, हे मी विचारलं नाही. आपल्या बोलण्याचाच परिणाम झाला, असं मानणं सोयीचं होतं.

मग शिकवणी सुरू झाली. तिला शिकवणी म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. संध्याकाळी राजा घाटाच्या पायऱ्यांवर, नाहीतर तुमच्या घरी, काकू समोर भाजी निवडतायत आणि मी भिंतीला टेकून उभा राहून फिल्टरवर बोलतोय. तुमच्या हातात चिपळ्या. मी आकडा उच्चारला की तुम्ही चिपळी वाजवायचात. 'नव्याण्णव टक्के' म्हटलं की टक. 'सर्वोत्तम' म्हटलं की टक टक. पहिल्या दिवशी मी चार मिनिटं बोललो, आणि गल्लीतल्या लोकांना वाटलं तुमच्याकडे भजन आहे.

"ह्याला आधी श्वास घ्यायला शिकवा," काकू म्हणाल्या होत्या. "पाणी मग पाजा."

तुमचं सांगणं साधं होतं. कीर्तनात आधी तुम्ही पूर्वरंगात तत्त्व सांगायचात, मग बुक्का लागायचा, गळ्यात हार पडायचा आणि उत्तररंगात गोष्ट यायची. "तत्त्व ऐकताना माणसं माना हलवतात," तुम्ही म्हणायचात. "गोष्ट सुरू झाली की हलवायची थांबतात. तेव्हा समजावं, आता ऐकतायत." मला तुम्ही कीर्तनाला पुढे बसू द्यायचा नाहीत. मागे पाठवायचात, दाराजवळ, जिथे चपला काढलेल्या असतात. तिथे बसून कोण उठतंय, कधी उठतंय, ते बघायचं. तिथे दरवेळी एकजण असायचाच. त्याला दूध आणायचं असायचं, नाहीतर मुलाला शिकवणीहून घ्यायचं असायचं. एक चप्पल त्याने पायात सरकवलेलीच असायची. "कीर्तन त्याला सांगायचं," तुम्ही म्हणालात. "पुढचे बसणारच आहेत, त्यांना घरी काम नाही. तो चपलांपाशी बसलेला आहे ना, त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. त्याने पायातली चप्पल काढली, की तुझं काम झालं."

नाना, माझी सगळी भाकरी ह्या एका वाक्यावर चालली. लहुराबीरच्या डॉक्टरांच्या बायका, सिग्र्याचे बँकवाले, विद्यापीठातले प्राध्यापक, सगळ्यांच्या बैठकीत मी आधी दाराकडे बघायचो. आकडे सोडले. टाय सोडला. आल्याआल्या सांगायचो, "मैं वही गधा हूँ जिसने गंगाजी को छानने की कोशिश की थी." लोक हसायचे, बसायचे, आणि अर्ध्या तासाने त्यांच्या स्वयंपाकघरात माझा डबा असायचा. आपण कुठे आपटलो ते सांगितलं की लोक दार उघडतात, हे मी तुमच्याकडून उचललं आणि मग त्याचा धंदा केला. दर आठवड्याला मी नव्याने आपटायला लागलो. काही वेळा घरी बसूनच.

तुम्ही एकदा म्हणालात, "स्वतःवर हसवणं हीही एक लपायची जागा असते हं, गोपाळ. फार वेळ बसू नकोस तिथे."

ह्यावर मी काहीतरी विनोद केला होता. काय केला, ते आता आठवत नाही.

ती संध्याकाळ मला टाळता आली असती तर बरं झालं असतं. कंपनीची मोठी सेल्स मीटिंग बनारसला होणार होती, कॅन्टोन्मेंटच्या एका हॉटेलात. दिल्लीचे साहेब येणार, प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि ज्याचं बोलणं उतरेल त्याला बाकीच्यांना शिकवायचं काम मिळणार. मी राजा घाटावर तुमच्या शेजारी बसून रडगाणं गात होतो. गंगा गाळण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली होती. हसवून काम भागणार नव्हतं, तिथे सगळेच हसवणारे. "काहीतरी आत जाणारं पाहिजे, नाना," मी म्हणालो. "तुमच्या पोतडीतलं एखादं आख्यान द्या."

समोर एक नाव उलटी घालून तिला कुणी डांबर लावत होतं. तुम्ही तिकडेच बघत होतात. मग म्हणालात, "तू मला कधी विचारलं नाहीस, मी तुझा फिल्टर का घेतला."

आणि सांगितलंत. तुम्हाला एक मुलगी होती, पाच वर्षांची. श्रावणात तिला जुलाब लागले. वैद्य म्हणाले, पाणी उकळून द्या. काकूंनी घागर चुलीवर चढवली. तुम्ही कीर्तन करून आला होतात, गळ्यात हार तसाच होता. तुम्ही म्हणालात, गंगा उकळायची नसते. काकूंनी तुमच्याकडे बघितलं आणि घागर खाली उतरवली. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

तुम्ही इतकंच सांगितलंत. कुठे आवाज उतरवला नाहीत, कुठे थांबला नाहीत. तुमच्यासारख्या माणसाने ही गोष्ट इतकी वाईट सांगावी, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं. तेही आज लिहून टाकतो.

"हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "हिलाही नाही. म्हणजे हिला ठाऊक आहे, घागर हिनेच उतरवली. पण बोललो नाही आम्ही. हिने त्या डब्यातलं पाणी प्यायला सुरुवात केली, तेव्हाही नाही."

मी तुमचा हात धरला होता. तो खरा होता, नाना, तो हात. त्या वेळेपुरता तरी.

'हे कुठे सांगू नकोस' असं तुम्ही म्हणाला नव्हतात. गेली कित्येक वर्षं मी माझ्या बाजूने हा एकच वकील उभा करत आलोय. आणि दरवेळी तो बिचारा उभा राहतो आणि काही न बोलता खाली बसतो.

मी तुम्हाला मीटिंगला बोलावलं होतं. गुडघा दुखतोय, जमणार नाही, असं म्हणाला होतात. माझा सहावा नंबर होता. पहिल्या पाचांनी आकडे वाचले. दिल्लीचे साहेब घड्याळ बघत होते. मी उभा राहिलो आणि आधी दाराकडे बघितलं, सवयीने.

दारात तुम्ही होतात. नुकतेच आला असाल. काळी टोपी, उपरणं, एक हात चौकटीवर, गुडघ्याला आराम म्हणून. हॉटेलच्या गालिच्याच्या बाहेर तुम्ही चपला काढून ठेवल्या होत्या. त्या हॉलमध्ये बूट-चपला कुणीच काढल्या नव्हत्या.

मला तेव्हा गोष्ट बदलता आली असती. गंगा गाळणारा गाढव तयार होता, दहा मिनिटं सहज गेली असती. पण मी तीच सुरू केली, आणि सुरू करताना म्हणालो, "मेरी एक छोटी बहन थी." तुमची मुलगी मी माझी बहीण करून टाकली. तुम्हाला माझे वडील केलं, ज्यांनी उभ्या जन्मात रेल्वेच्या नळाखेरीज कुठलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. तुमच्या गळ्यातला हार मात्र ठेवला. तो फार चांगला होता, सोडवेना.

आणि सांगताना कुणाकडे बघायचं, हे तुम्हीच शिकवलं होतंत. मी तुमच्याकडे बघून सांगितली. तुमची गोष्ट तुम्हाला. तुम्ही जिथे थांबला नव्हतात तिथे मी थांबलो, जिथे आवाज उतरवला नव्हतात तिथे उतरवला. घागर खाली उतरवण्याच्या जागी मी हातांनी घागर धरून दाखवली. मध्येच थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, कारण हॉल शांत झाला होता, नाना. इतका शांत हॉल मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्ही ऐकत होतात, नीट, चांगल्या श्रोत्यासारखे. मग खाली वाकलात आणि एक चप्पल पायात घातलीत. मग दुसरी. गुडघ्यामुळे वेळ लागला. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा दारात कुणी नव्हतं.

दिल्लीच्या साहेबांचे डोळे भरून आले होते. भटनागर म्हणून होते ते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाई, दिल से बोलते हो."

ते काम मला मिळालं. कानपूर, अलाहाबाद, गोरखपूर, पुढे पाटणा, रांची. नव्या पोरांना बोलायला शिकवायचं. माल सांगू नका, माणूस सांगा, चपलांपाशी बसलेल्याला सांगा. आणि शेवटी नमुना म्हणून ती गोष्ट. किती वेळा सांगितली, ते मला माहीत नाही. ती सांगता सांगता सुधारत गेली. मुलगी कधी चार वर्षांची झाली, कधी सहा. तिला एक बाहुली मिळाली, लाकडाची, बनारसच्याच खरादीवर कातलेली. तिला मी नावही दिलं, चिमी. खरं नाव मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही घेतलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मीटिंगनंतर आठवडाभर मी तुमच्या गल्लीकडे फिरकलो नाही. मग चतुर्थीला आलो, भीत भीत, मोदक हातात घेऊन. काकूंनी नेहमीसारखं दार उघडलं, तुम्ही नेहमीसारखे पाटावर होतात. "ये गोपाळ," म्हणालात, "ऐकलं, तुला मोठी जागा मिळाली. छान झालं."

हे 'छान झालं' तेव्हापासून सुरू झालं. त्याआधी माझं एक वाक्य तुम्ही सरळ जाऊ देत नव्हतात. श्वास चुकला, हात जास्त हलले, विनोदानंतर स्वतःच हसलास. त्या दिवसानंतर मी काहीही ऐकवलं की, छान झालं. गणेशोत्सवात मी सूत्रसंचालन केलं आणि अध्यक्षांना त्यांच्याच सासऱ्यांच्या नावाने हाक मारली, तेव्हाही तुम्ही जिना उतरताना म्हणालात, छान झालं. चिपळ्या कोनाड्यात होत्या. माझ्यासाठी तुम्ही त्या परत खाली काढल्या नाहीत.

शिक्षा म्हणतात ती हीच, हे मला कळत होतं. आणि मी ती सोसत होतो असंही नाही. मी पाटण्याहून परत येत होतो, ट्रेनिंगचे फोटो दाखवत होतो, काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी खात होतो.

एक वाद मात्र आपण घातला. म्हणजे घातला असं नाही, त्याच्या भोवती भोवती फिरत राहिलो, दोघंही, वर्षानुवर्षं. एकदा मी म्हणालो, "नाना, गोष्ट एकदा सांगितली की ती सगळ्यांची. तुम्ही तरी काय करता? पुराणातल्याच उचलता ना?"

तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला.

"पुराणातल्या सगळ्यांच्या आहेत," तुम्ही म्हणालात. "त्यांची माणसं आता कुणाच्या घरात नाहीत."

"पण एखाद्या घरातल्या गोष्टीने दुसऱ्या घरातलं मूल वाचलं तर? लोक पाणी उकळायला लागले, गाळायला लागले, तर?"

"तर चांगलंच आहे की."

"मग?"

"मग काय? चांगलं आहे म्हणालो ना." आणि अडकित्ता परत चालू.

मला तो वाद जिंकायचा होता. खरंच काही घरं वाचली असतील, नाना. गोरखपूरला एक बाई माझ्यापाशी येऊन रडली होती, तिने त्याच दिवशी फिल्टर नेला. हे तुम्हाला सांगायचं होतं, पण सांगायचं तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. तेव्हा ते दरवेळी राहून गेलं.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात मी रोज दुपारी तुमच्यापाशी बसायचो. एक दिवस मुद्दाम एक किस्सा चुकवून सांगितला. शेवट आधी सांगितला, मधे दोनदा अडखळलो, स्वतःच हसलो. म्हटलं, आता तरी तुम्ही टोकाल. तुम्ही डोळे मिटून होतात. "छान झालं," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच आलो. खुर्ची पुढे ओढली. म्हणालो, "नाना, तुम्हाला ते कॅन्टोन्मेंटचं हॉटेल आठवतं का? तिथे त्या दिवशी काय गंमत झाली होती, सकाळपासून लाइट नव्हती, आणि आमचे ते भटनागर..." मी भटनागरांच्या सफारी सुटाचं वर्णन केलं. मी पहिल्या पाच वक्त्यांच्या नकला केल्या. मी हळूहळू मुद्द्याकडे येत होतो, खरंच येत होतो. वर बघितलं तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. मी पांघरूण नीट केलं आणि मनात म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात.

तुमच्यामुळे मला बोलता आलं, हे मी शोकसभेतही सांगितलं. तोतरा नव्हतो मी, पण लोकांपुढे माझी जीभ टाळूला चिकटायची, ती तुम्ही सोडवलीत. मला सांगायला लावलंत, ऐकायलाही शिकवत होतात, ते मी अर्धंच घेतलं. सभेत मी गंगा गाळण्याची गोष्ट सांगितली. रडणारे लोकही हसले. तुम्हाला शोभेशी सभा झाली, असं बरेचजण म्हणाले. काकू भिंतीपाशी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत, फक्त माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, ह्यांना काही ठाऊक नाही, आणि तुम्ही गेलात तेव्हा आता हे सांगायला जगात ह्या एकट्याच उरल्या. तुमच्यापाशी राहिलं ते निदान काकूंपाशी म्हणावं, एवढंच आता माझ्या हातात होतं.

म्हणून काल गेलो. सकाळी दहाची वेळ. काकू तुमची उपरणी घड्या करून ठेवत होत्या, कुणाकुणाला द्यायची म्हणून. मी समोर बसलो. चहा आला. मी म्हणालो, "काकू, एक सांगायचं होतं. फार वर्षांपूर्वीचं आहे. नाना आणि मी राजा घाटावर बसलो होतो. समोर एक नाव उलटी घातलेली, तिला कुणी डांबर लावत होतं..."

त्या घड्या घालत राहिल्या. मी घाट सांगितला, मीटिंग सांगितली, गालिचा सांगितला. बाहेर काढलेल्या तुमच्या चपला सांगितल्या. मग घागर चुलीवरून उतरवण्याच्या जागी आलो, आणि तिथे माझे हात आपोआप वर आले, घागर धरल्यासारखे, आणि मी थांबलो. तिथे मी नेहमी थांबतो. चार श्वास. पाटणा, रांची, सगळीकडे तिथे चार श्वास थांबलं की खोलीतला पंखा ऐकू येतो.

खोलीतला पंखा ऐकू येत होता. काकूंच्या हातातलं उपरणं अर्धं घडी झालेलं तसंच राहिलं होतं.

"इथे थांबतोस होय तू," त्या म्हणाल्या.

माझे हात अजून वरच होते.

"हे सगळं मला त्या हॉटेलातून आले त्याच दिवशी सांगितलंय त्यांनी. तिच्याबद्दल बोललो आम्ही, पहिल्यांदा. जेवलो नाही त्या दिवशी, पण बोललो. मग म्हणाले, पोरगा येईल चार दिवसांत, चुकलो म्हणेल, तू त्याला काही बोलू नकोस, लगेच खायला घाल. तू मोदक घेऊन आलास. मी वाढलं. ते तुझ्या तोंडाकडे बघत होते." त्यांनी घडी पुरी केली, वर हात फिरवला. "किती वर्षं बघत होते."

मी म्हणालो, "काकू, मी हॉस्पिटलात सांगणारच होतो, त्या दिवशी सुरुवातही केली होती, पण झालं असं की..."

"तुला इथे काही विकायचं नाहीये, गोपाळ," काकू म्हणाल्या. "चुकलो म्हण आणि गप बस."